उलटा लावलेला सापळा

देवचार, चकवा, राखणदार, खाडीतले दिवे... असल्या गोष्टी मी आजवर पोत्याने सांगितल्या, पण त्यातल्या एकीवरही माझा विश्वास नाही. कसा असणार? बऱ्याचशा मीच तयार केलेल्या. मालवणजवळच्या कट्टा गावाच्या बाजारात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळलेला पंप घेऊन गिऱ्हाईक येतं, तार गुंडाळायला वेळ लागतो, तेवढा वेळ ते बाकड्यावर बसून राहायला नको? म्हणून गोष्टी. माझ्या गोष्टीतली सुरमई मालवणच्या जेटीवर शेपूट टेकून कट्ट्याच्या तिठ्यावर डोळे वटारते. लोकांना सवय झाली आहे. "गजाभाऊ बोललो काय निम्मा कापूचा," असा इथला दरच ठरलेला आहे.

तेव्हा वाचकांना एकच विनंती – खाली लिहितोय त्यातलं निम्मं कापू नका. मी ते कापूनच आणलंय.

माझी धाकटी बहीण सुनंदा कट्ट्याजवळच्याच एका वाडीत दिलेली आहे. घराखाली माडांची बाग, बागेखाली व्हाळ, आणि तो व्हाळ पुढे कर्लीच्या खाडीला मिळून समुद्रात जातो. पावसाळा सरून पाणी गुडघाभर झालं की वाडीतले लोक दगड आणि माडाची चुडतं, म्हणजे झावळ्या, रचून आडवा बांध घालतात. मध्ये एकच फट ठेवतात आणि त्या फटीत बांबूच्या कामट्यांचा सापळा बसवतात. दर वाडीत त्याला नाव वेगळं, म्हणून मी आपला सापळाच म्हणतो. सापळ्याचं तोंड वरच्या अंगाला, कारण मासा पाण्याबरोबर खाली येतो. वाम, काडय, जे काय असेल ते आत शिरतं आणि कामट्यांच्या टोकांमुळे परत फिरू शकत नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

माहीत नव्हतं ते फक्त सुनंदाच्या नवऱ्याला.

दिगू म्हणजे दिगंबर, तिकडे वर, जिथे नकाशा संपत येतो तिथल्या एका देशात हॉटेलात स्वयंपाकी आहे. थंडीत तिथली नदी गोठते. नुसती गोठत नाही, वरून गाड्या जातात. (हे मी वाढवून सांगत नाहीये, व्हिडिओ आहेत.) तिथला एक म्हातारा दिगूला सुट्टीच्या दिवशी नदीवर न्यायचा. पहारीने बर्फाला भोक पाडायचं आणि लवचिक बारीक फांद्यांचा सापळा काठीला बांधून खाली सोडायचा. त्यात एक विचित्र मासा मिळतो. दिसायला वामीसारखा, पण जबडा नाही. तोंड बेअरिंगसारखं गोल, आत दातांची कडी, आणि मानेला दोन्ही बाजूंनी बासरीसारखी सात-सात भोकं. अंगात काटा औषधालासुद्धा नाही. तो समुद्रातून निघतो आणि बर्फाखालून नदी चढत वर जातो. म्हणून तिथल्या सापळ्याचं तोंड खालच्या अंगाला.

दिगूने त्या माशाचं तिरफळं घालून झणझणीत तिकलं केलं आणि म्हाताऱ्याला वाढलं. म्हातारा एक घास खाऊन बाहेर गेला, म्हणे, आणि बराच वेळ बर्फात तोंड उघडं ठेवून उभा राहिला. परत येऊन त्याने दुसऱ्यांदा मागून घेतलं. तेव्हापासून दोस्ती.

तर असा हा दिगू गणपतीला रजेवर आला, तो पाणी ओसरेपर्यंत राहिला आणि जाण्याआधी त्याने स्वतः एक सापळा विणला. तिकडच्यासारखा, लांब मानेचा. आणि लावला – तोंड खाली करून!

अख्खी वाडी बांधावर जमली.

"दिगू, खालसून वर कोण येतलो रे? कट्ट्याचो बाजार करून परतलेलो मासो?"

"येवंदे कोण तो," दिगू म्हणाला. "दार उघडा आसा."

त्याचे वडील आबा एवढंच म्हणाले, "जाताना सरळ करून जा." दिगू तसाच गेला. मग सुनंदाने कोणाला हात लावू दिला नाही. "तेंनी लावलोहा तसोच ऱ्हवांदे." सापळ्याची काथ्याची दोरी काठावरच्या करंजाला बांधलेली, आणि आबा रोज जाऊन ती ओढून बघायचे. पानं आणि कधीतरी एखादी कुर्ली. कुर्लीला मासा धरत नाहीत, ती चालत येते. दिगूचा रोज फोन यायचा. बायकोला 'कशी आहेस' विचारायच्या आधी – "सापळ्यात काय?"

"काय नाय," सुनंदा सांगायची. "तुमची अक्कल गावली थोडी, ती परत सोडलंय."

जानेवारीत एके दिवशी फोन आला नाही. संध्याकाळी दिगूच्या खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या पोराचा मेसेज आला – दिगू म्हाताऱ्याबरोबर नदीवर गेला होता, दोघेही परतलेले नाहीत, फोन लागत नाही, शोध चालू आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाने मला फोन करून फक्त "दादा, ये" म्हटलं. मी शटर ओढलं. एक गिऱ्हाईक बाकड्यावर होतं, त्याला गोष्टसुद्धा सांगितली नाही. ते घाबरून माझ्याकडे बघत राहिलं.

सुनंदा पायरीवर बसली होती, फोन दोन्ही हातांत. आबा खळ्यात उभे. त्यांच्या दोन्ही तळव्यांना फडकं गुंडाळलेलं.

"हाताक काय झाला, आबा?"

"दोरी लागली." मग म्हणाले, "चला, सापळो बगून येवया."

"आता? आबा, आता सापळो कसलो बगतास?"

"दिगूचो फोन इलो तर पयलो ताच इचारतलो," आबा म्हणाले. "काय सांगशात तेका?"

आम्ही तिघे बागेतून खाली उतरलो.

ऊन चांगलं वर आलं होतं. पाठ भाजत होती. मी करंजाची दोरी धरली आणि सोडली. दोरी गार होती. मी विजेचं काम करणारा माणूस, दोरीत करंट नसतो हे मला कळतं, पण हात तसाच झटकला गेला. परत धरली. ती वाकत नव्हती, काठीसारखी ताठ. मी पाण्यात उतरलो. बांधाच्या वर पाणी जानेवारीत असतं तसं, नेहमीचं. बांधाच्या खाली, सापळ्याच्या तोंडापाशी, पोटऱ्या दुखाव्यात इतकं गार. सापळा उचलून काठावर ठेवला तेव्हा कामट्यांच्या फटींत काचेचे असावेत तसे पातळ तुकडे होते. एक बोटाने उचलला. तो पाणी होऊन मनगटावरून ओघळला.

आणि आत मासा होता.

इथे माझी गाडी नेहमी सुटते, म्हणून सांभाळून लिहितो. मासा माझ्या दीड वितीएवढा. काळपट, वामीसारखा, खवलं नाहीत. बरोबर आणलेल्या बालदीत ओतला तर तो पोहला नाही, तोंडाने बालदीच्या कडेला चिकटला आणि तिथेच लोंबत राहिला. मी वाकून बघितलं. मानेवर भोकं. एका बाजूची मोजली आणि दुसऱ्या बाजूची मोजायची हिंमत झाली नाही.

"दादा," सुनंदा म्हणाली, "ह्यो तेंचो मासो."

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात दिगू नव्हता. असायला हवा होता, पण नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर कट्ट्याचा तिठा होता. आयुष्यभर मी या लोकांना हवेतले मासे विकले, आणि आज माझ्या बालदीत खरा, जिवंत, चिकटलेला पुरावा! "गजाभाऊ, निम्मा कापूचा" म्हणणाऱ्या एकेकाला बोट धरून त्या तोंडात घालायला लावणार होतो.

"सुनंदा, फोटो काढ. लवकर." माझा फोन दुकानात चार्जिंगला, आबांचा बटणांचा.

तिने फोन छातीशी धरला. "बॅटरी संपत इली हा. आणि तेवढ्यात फोन इलो तर?"

"मग मी बालदी घेऊन कट्ट्यार जाऊन येतंय. असो जातंय नि असो येतंय."

"बालदी खाली ठेव," आबा म्हणाले. "नव्या सापळ्याचो पयलो मासो पाण्याचो. तेचो तेका परत देवचो लागता."

आमच्याकडे हा रिवाज आहे. मला माहीत नव्हता असं नाही. नव्या सापळ्याचा पहिला मासा खात नाहीत, विकत नाहीत, दाखवतसुद्धा नाहीत. ज्याने सापळा विणला त्याचं नाव घेऊन पाण्यात सोडतात. पण तो रिवाज वामीला! असल्या माशाला कसला रिवाज?

"आबा, ह्यो मासो हयलो न्हयच. ह्या पाण्याचो तेच्यार हक्क काय?"

"दिगूचो सापळो आसा मा?"

"आसा."

"मग?"

मी सुनंदाकडे वळलो. "बाय, तू तरी सांग. माझ्यार आजवर कोणी विश्वास ठेवल्यानी? एक दिवस. एक दिवस ह्यो मासो माका दी."

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दादा, तुझ्या गोष्टींका एक मासो कमी पडलो तर काय होतला? माका नवरो एकच आसा."

मी बालदी उचलली आणि पाण्यात उतरलो.

आबांनी फडक्यातले हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा पाण्याच्या राखणदारा, म्हाराजा... दिगंबरान विणलेल्या सापळ्याचो पयलो, तुझो तुका दिलो... माझो झील खंय असात, कोणाच्या पाण्यात असात, थंयसून तेका सुखरूप घराक हाड, म्हाराजा..."

"होय म्हाराजा," सुनंदा म्हणाली.

"होय म्हाराजा," मीही म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं नाही.

मासा बालदी सोडेना. हाताने सोडवायला गेलो तर माझ्या मनगटाला चिकटला. दुखलं नाही, नुसता गारवा आत गेला. मी हात पाण्यात धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने तो सुटला... आणि खाली समुद्राकडे न जाता बांधाच्या फटीतून वर, प्रवाहाच्या विरुद्ध, डोंगराच्या बाजूला निघून गेला. तिकडे वर काहीही नाही. थोडं पुढे झरा आहे आणि खडक.

आम्ही घरी आलो. कोणी जेवलं नाही. दुपार कलताना अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. हॉस्पिटलचा पलंग, गळ्यापर्यंत गुंडाळलेला दिगू, नाक सालपटलेलं. सुनंदाने तोंडावर हात दाबला.

"सापळ्यात काय?" दिगूने विचारलं.

"गावलेलो," ती म्हणाली. "सोडलो." आणि मग ती जी रडायला लागली ती थांबेचना, म्हणून फोन मी घेतला.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी भोकाजवळचा बर्फ खचला आणि दिगू खाली गेला. प्रवाहाने त्याला बर्फाखाली ओढलं. वर भोक दिसेना, डोक्याला छत, सगळा काळोख. मग हाताला दोरी लागली. ती धरून तो हातापुढे हात टाकत गेला आणि भलत्याच एका जुन्या भोकातून वर आला. म्हाताऱ्याने त्याला आपल्या झोपडीत नेऊन शेकोटीपाशी ठेवलं, रात्री सुटलेलं वादळ थांबल्यावर गाडीवर घालून गावात आणलं. दिगूचा फोन नदीत गेलेला आणि म्हाताऱ्याकडे फोन नावाची वस्तूच नाही.

"म्हाताऱ्याची दोरी असतली," मी म्हटलं.

"तेची प्लॅस्टिकची आसा, दादा. गुळगुळीत. ही खरखरीत होती. काथ्याची. आणि ढिली नाय होती. वरसून कोणीतरी धरून ऱ्हवलेलो."

आबा माझ्या बाजूलाच होते. फोन बंद झाल्यावर ते बाहेर खळ्यात गेले, मी मागोमाग.

"आबा, फडका सोडा बगूया."

त्यांनी सोडलं. दोन्ही तळवे आडवे सोलवटलेले.

"काल सापळो बगूक गेलंय तर दोरी माका खाली वडी होती," ते म्हणाले. "वाटला ओंडको अडाकलो, नायतर ऊदमांजर असतला. सोडूचीशी वाटाक नाय. धरून ऱ्हवलंय. मगे ढिली झाली."

"आणि तुम्ही कोणाक सांगूक नाय?"

"काय सांगू? दोरी धरलंय म्हणान?"

आता शंका काढणाऱ्यांसाठी. मासा सोडण्याच्या आदल्या दिवशीच दिगू वर आला होता, तेव्हा मासा सोडला म्हणून तो वाचला असं मी म्हणत नाही. बर्फाच्या तुकड्यांना काय म्हणायचं ते मला माहीत नाही. कणकवलीच्या कॉलेजात मासे शिकवणाऱ्या एका सरांना मी माशाचं वर्णन केलं. ते म्हणाले असा मासा आपल्याकडे मिळतच नाही, आणि मग त्यांनी माझा चेहरा नीट बघून विचारलं, "तुम्ही कट्ट्याचे ते पंपवाले का?" माझ्या मनगटावर काही दिवस गोल वळ होता, पण सोल्डरिंगचे डाग असलेल्या हातावर तो कोण वेगळा ओळखणार?

आबांवर अख्खी वाडी डोळे मिटून विश्वास ठेवते. ते एका शब्दाने बोलले असते तर माझं काम झालं असतं. पण कोणी विचारलं की ते पान लावत बसतात. सुनंदाला विचारलं तर ती म्हणते, "दादाक इचारा," आणि लोक हसतात.

दिगू मे महिन्यात येऊन गेला. सापळा सरळ करू का, असं त्याने आबांना विचारलं. आबा म्हणाले, "ऱ्हवांदे." तो अजून तसाच आहे, तोंड खाली करून. त्यात नंतर कुर्लीसुद्धा आलेली नाही. दोरी मात्र आबांनी नवी आणि जाड घातली आहे.

दुकानात ही गोष्ट मी बऱ्याचदा सांगतो. बाकड्यावरची माणसं ऐकून घेतात आणि सवयीने निम्मं कापतात. मी त्यांना दोष देत नाही. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्याच लक्षात आली आहे आणि तिचा अर्थ मला अजून लागत नाही. माझे बाकीचे मासे दर सांगण्याला वाढतात, ती सुरमई तर यंदा कुडाळपर्यंत पोचेल. हा एकटा मासा, मी कितीही रंगात आलो तरी, हात पसरायला जातो आणि हात आपोआप तिथेच थांबतात.

दीड वीत. तेवढाच.