आधी ठिपका, मग नट

वर्कशॉपमधून गाड्या दुरुस्त होऊन जातात, किस्से मात्र तिथंच राहतात. जळक्या ऑइलचा ड्रम भरला की भंगारवाला तरी येऊन घेऊन जातो. किश्श्यांना तेवढंही गिऱ्हाईक नाही! अकरा वर्षांत इतके साठलेत की परवा बायको म्हणाली, "जेवताना तरी बंद करा." म्हणून आता तुम्ही ऐका.

मी इंगळे. जालन्यात अंबड रोडला एका सर्व्हिस सेंटरमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आहे. अ‍ॅडव्हायझर म्हणजे काय? तर सर्व्हिसिंगमधून गाडी बिघडून गेली, तर चूक कस्टमरचीच कशी आहे हे त्याला खुर्ची देऊन, पाणी पाजून, गोड बोलून पटवणारा माणूस. या कामात माझा हात कुणी धरणार नाही. एकदा तर एका भल्या माणसाने जाताना माझी माफी मागितली. त्याचा हॉर्न आम्हीच तोडला होता!

*

जाफराबादच्या एका बियाणेवाल्याची गाडी ऑइल बदलून गेली. तासा-दीड तासाने त्याचा फोन आला. माणूस पेटलेला.

"ओ इंगळेसाहेब, इंजिनावरचं ऑइलचं झाकण कुठंय? बॉनेटमधी निस्तं ऑइलच ऑइल झालंय!"

मी फोनवर हात ठेवून आमच्या हेड मेकॅनिककडे पाहिलं. सत्तारभाई. डोक्यावर विटलेली टोपी, खांद्यावर कापडाचा बोळा आणि बावीस वर्षांची नोकरी. ते शांतपणे म्हणाले, "बॅटरीवर बघा म्हनावं. मी तिथंच ठेवल्तं."

बियाणेवाल्याने पाहिलं. झाकण खरंच बॅटरीवर होतं. जालन्यापासून जाफराबादपर्यंत ते तिथून हललं नव्हतं. तो आणखी काही बोलायच्या आत सत्तारभाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"शेठ, पन्नास-साठ किलोमीटर गेलं तरी झाकण पडलं न्हाई. मंग आता सांगा, सस्पेन्शन कसं काम केलंय आम्ही?"

*

शहागडच्या एका हॉटेलवाल्याची तक्रार होती की एसी लावला की वास येतो. खरं तर महिन्यापूर्वीच आम्ही त्याच्या एसीचा फिल्टर 'बदलला' होता. म्हणजे बिलावर तरी.

मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. "काका, तुम्ही गाडीत भजी घेऊन बसता का?"

"मी हॉटेलवाला हाय. भजी विकतो, खात न्हाई," काका म्हणाले.

सत्तारभाईंनी डॅशबोर्डाखालचा खण काढला. आत जुनाच फिल्टर. त्यावर कापसाची छान गादी घातलेली आणि गादीवर उंदराची चार पिल्लं झोपलेली. काकांनी बिल डोळ्यांजवळ धरून एकदा वाचलं, मग पिल्लांकडे पाहिलं.

"हे कंपनीचे ओरिजिनल हायत का डुप्लिकेट?"

त्या दिवशी अकरा वर्षांत पहिल्यांदा माझं गोड बोलणं आटलं. नवा फिल्टर फुकट बसवून दिला. पिल्लं सत्तारभाईंनी पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून मागच्या पडीक रानात सोडली आणि दिवसभर मला 'मामा' म्हणत राहिले.

*

मग पुण्याहून नवे मॅनेजर आले. त्यांनी आल्या आल्या फर्मान काढलं की रोज संध्याकाळी हत्यारांची हजेरी घ्यायची. पहिल्याच दिवशी बारा नंबरचा पाना गैरहजर! साहेबांनी चार दिवस सगळ्यांना फैलावर घेतलं. सगळ्यांनी सगळ्यांवर ढकललं. वॉशिंगच्या शोभाताईंवरसुद्धा आळ आला. त्या म्हणाल्या, "मी पान्याचं काय करू साहेब, भाजीत घालू?"

पाचव्या दिवशी परतूरची एक गाडी आली. तक्रार होती, 'खड्ड्यात गेली की पुढून घंटी वाजते.' सत्तारभाईंनी बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मी जॉबकार्डावर लिहिलं, 'घंटीचा आवाज काढून दिला.'

तो माणूस इतका खूश झाला की दुसऱ्या दिवशी पावशेर पेढे घेऊन आला. "बाकीच्यांना सापडतच नव्हता हो तो आवाज!" म्हणाला. पेढे आम्ही सगळ्यांनी खाल्ले. साहेबांनी दोन खाल्ले.

*

आता ठिपक्याची गोष्ट. आमच्याकडे पद्धत अशी की चाकाचा नट पूर्ण आवळला की त्यावर पिवळ्या पेंटचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला म्हणजे नट आवळलेला आहे, पुन्हा बघायची गरज नाही.

एका सकाळी साहेब राउंडला आले. पाहतात तर रांगेतल्या पहिल्या सहा गाड्यांच्या नटांवर ताजे ठिपके, आणि अजून एकाही गाडीला पाना लागलेला नाही! आमचा मेकॅनिक दत्ता पेंटचा डबा घेऊन सातव्या गाडीकडे निघाला होता.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

दत्ता बिलकुल गडबडला नाही. "साहेब, नट आवळायचं मी कधीच इसरत न्हाई. ठिपका द्यायचाच इसरतो. म्हनून ते आधी उरकून घेऊन राह्यलो."

सगळ्यात जास्त मी हसलो. अगदी खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. समोर चहा होता आणि जॉबकार्डांचा गठ्ठा होता. प्रत्येक कार्डाच्या तळाशी रकाना असतो, 'टेस्ट ड्राइव्ह घेतली, पाच किलोमीटर.' गाड्या रॅम्पवर चढायच्या आत, पहिल्या चहाबरोबर, सगळ्या कार्डांवर तिथं सही मारून मोकळं व्हायची माझी पद्धत. हसता हसता तेवढ्यात चार सह्या झाल्यासुद्धा.

साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि सत्तारभाईंसमोर उभे राहिले. "हेड तुम्ही आहात. यापुढे एक जरी गाडी ढिली होऊन परत आली, तर दत्ताला नाही, तुम्हाला घरी पाठवीन."

सत्तारभाईंनी मान हलवली. त्यांची धाकटी मुलगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि घरात कमावणारे ते एकटेच. त्या दिवसापासून ते प्रत्येक नट स्वतः तपासू लागले. दत्ताच्या मागे मागे पाना घेऊन फिरायचे. नमाजाला गेले की तेवढ्या वेळात झालेली गाडीसुद्धा आल्यावर पुन्हा बघायचे. बघायची राहिली ती एकच. त्या दुपारी पोरीच्या कॉलेजातून बोलावणं आलं म्हणून ते दोन तास बाहेर गेले होते.

*

ती गाडी होती राजूरच्या गुरुजींची. गुरुजी म्हणजे गणिताचे रिटायर्ड मास्तर. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात वही. टायरमध्ये हवा भरली तरी वहीत लिहिणारा माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडी अगदी हळूहळू चालवत आले. डाव्या चाकातून खडखड ऐकू येत होती.

दत्ता चाकापाशी बसला. पाचातले दोन नट हाताने फिरले. दोन्हींवर पिवळे ठिपके, लांबून दिसतील असे.

साहेब अजिबात न ओरडता म्हणाले, "सत्तार, उद्यापासून येऊ नका."

दत्ता काहीतरी बोलायला गेला. सत्तारभाईंनी त्याला नजरेनेच गप्प केलं. टोपी काढली, बोळ्याने हात पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

मला लाज वाटत होती, खरं सांगतो. ती गाडी मी नुसती चौफुलीपर्यंत जरी नेली असती तरी खडखड ऐकू आली असती. पण तोंड उघडायचं धाडस होत नव्हतं. अकरा वर्षं दुसऱ्याची चूक सांगायची सवय. स्वतःची कशी सांगतात ते ठाऊकच नव्हतं.

"एक मिनिट साहेब," गुरुजी म्हणाले. त्यांनी जॉबकार्ड हातात घेतलं. "इथं यांची सही आहे. टेस्ट ड्राइव्ह घेतली, पाच किलोमीटर." मग वही उघडली. "परवा गाडी दिली तेव्हा मीटर एक्केचाळीस हजार तीनशे बारा. काल घेतली तेव्हाही एक्केचाळीस हजार तीनशे बारा."

साहेब सावकाश माझ्याकडे वळले. "इंगळे, पाच किलोमीटर कुठं गेले?"

खुर्ची द्यायची तर मलाच द्यावी लागली असती.

"साहेब, गेल्ते ना इंगळेसाहेब!" मागून आवाज आला. सत्तारभाई. टोपी अजून हातातच होती. "बराबर पाच किलोमीटर झाले. मी सोता पाह्यलं. अडीच सरळ गेले अन् अडीच रिव्हर्समधी आले. मंग मीटर कसा वाढंल?"

शोभाताईंच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. साहेब कधी सत्तारभाईंकडे, कधी माझ्याकडे बघत होते. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि सत्तारभाईंना वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं. मग खिशातलं दुसरं पेन काढलं, वहीतली ओळ खोडली आणि साहेबांकडे वळले.

"बरोबर आहे यांचं. येतानाचे वजा करायचे राहिले माझे. चूक माझीच आहे, साहेब. यांना कामाला लागू द्या."