डावी पाकळी

ही गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. एकदा साखळीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तिचा थांबा आला. सुटले, असं तेव्हा वाटलं. आज तुम्ही समोर आहात, आणि तुम्हाला उतरायची घाई नाही असं मी धरून चालते.

सुरुवात कुठून करू? एका पुस्तकावर माझं नाव आहे, तिथून करते. पेडण्याकडच्या बायकांच्या धालो-गीतांचं पुस्तक, विद्यापीठाच्या प्रकाशन विभागानं काढलेलं. धालो ठाऊक नसतील तर सांगते — पौषात गावातल्या बायका ठरलेल्या एका अंगणात जमतात, समोरासमोर रांगा धरून गातात, वाकतात, डोलतात. त्या अंगणाला मांड म्हणतात. मांड ही देवाची जागा. तिथं पायात वहाण घालून कुणी जात नाही. आणि शेवटच्या दिवशी मांड शिंपून बंद केला, की ती गाणी पुढच्या पौषापर्यंत तोंडातून काढायची नाहीत. निदान त्या गावात तरी हाच नेम होता. गावाचं नाव सांगत नाही. तेरेखोल नदीच्या अलीकडचं एक गाव, एवढंच समजा.

पुस्तकातली बहुतेक गाणी सगुणामायची. मांडावर पहिला सूर तिचा. तिनं उचलल्याशिवाय बाकीच्या बायका ओठ उघडत नसत. ठेंगणी, काळीसावळी, कमरेला तपकिरीची डबी. दोन पौष मी मांडाच्या कडेला बसून गाणी उतरवून घेत होते, तेव्हा ती मला येताजाता चिडवायची. "बाय, पुस्तकाशीच लगीन लावलंय काय गो?" मी तिच्या घरी जेवले आहे. तिनं स्वतःच्या ताटातला तळलेला बांगडा माझ्या ताटात टाकला आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही माझ्याबद्दल कसलाही गैरसमज करून घेणार नाही.

ते दिवस कसे होते, आठवतं? गोवा नुकतंच राज्य झालं होतं. भाषेचा वाद कागदावर मिटला होता, माणसांत मिटला नव्हता. आंदोलनात रस्त्यावर आडवी पाडलेली झाडं उचलली गेली, पण लग्नाच्या पंगतीत कोण मराठीवाला आणि कोण कोंकणीवाला हे अजून पाहूनच लोक बसत. आमच्या विभागानं कुठल्याही भाषेतलं पुस्तक काढलं की दुसऱ्या बाजूची चार माणसं प्रकाशनाला हमखास येत — प्रश्न विचारायला. आमच्या साहेबांनी एक युक्ती काढली. डिचोलीच्या सभागृहात या पुस्तकाचं प्रकाशन करायचं, आणि भाषणांच्या आधी बायकांनाच मंचावर उभं करायचं. "त्या गातील त्याला मराठी म्हणायचं की कोंकणी, हे ठरवेपर्यंत समारंभ उरकलेला असेल," साहेब म्हणाले. आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यांत जास्त हसले, कारण माझी नोकरी तात्पुरती होती.

मी सगुणामायकडे गेले. पणजीचा पूल पडलेला होता. फेरीबोटीनं बेतीला उतरायचं, म्हापशाची बस, तिथून पेडण्याची, पुढे चालत. वाटभर मी बोलायचं काय ते घोकत होते. माघ लागला होता, मांड शिंपून झाला होता. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "देवीन हय म्हटलां तर गायन. ना म्हटलां तर माका परत विचारू नको."

म्हणजे कौल लावायचा. आमच्याकडे देवळातल्या पाषाणावर दोन बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गुरव देवाला गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, घराचा पाया, विहीर — विचारल्याशिवाय काही होत नाही. आणि ज्याचं काम त्यानंच गाऱ्हाण्याला उभं राहायचं, हा रिवाज. काम माझं होतं. सगुणामाय आली नाही; दुसऱ्याच्या कौलात आपलं मन मध्ये येऊ नये म्हणून ती घरीच थांबली. यावर तुम्ही हसाल कदाचित. मीही मनात हसले होते.

भर दुपार होती. देवळात मी आणि म्हातारा बाबल गुरव, तिसरं कुणी नाही. गुरवानं पाकळ्या लावल्या, हात जोडले, माझं नाव, माझ्या बापाचं नाव, साखळी गाव — सगळं देवीला सांगितलं. मग आम्ही वाट पाहिली. समईची वात तडतडत होती. बाहेर एक कावळा ओरडत होता, तो मध्येच गप्प झाला. मला घाम फुटला होता. कशाला फुटावा? मी शिकलेली बाई, ओल्या पाकळ्या कधी ना कधी सुकून पडणारच की!

डावी पडली.

गुरवानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. "देवी ना म्हणता, बाय. फुडल्या पौषाक विचार," म्हणाला, आणि तीर्थ दिलं. मी ते प्यायले. मग सगुणामायच्या घरापर्यंतच्या त्या पाणंदीत मी काय काय विचार केला ते तुम्हाला सांगायला हवं, पण खरं सांगू? फारसा केलाच नाही. आमंत्रणपत्रिका छापून आल्या होत्या. मंत्र्यांनी होकार दिला होता. पुस्तकावर पहिल्यांदा माझं नाव येणार होतं. दारात सगुणामाय उभी होती, हात ओले, चेहरा वर केलेला. मी म्हटलं, "उजवी."

ती केवढी हरखली. तिलाही गायचं होतं! एवढ्या मोठ्या सभागृहात, मंचावर, आपल्या बायकांना घेऊन. तिनं देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि पातळाच्या पदरानं डोळे पुसले.

गुरव कुणाला सांगेल, ही भीती होती. पण दुसऱ्याचा कौल चव्हाट्यावर आणायचा नाही, हाही रिवाजच. विचारल्याशिवाय तो बोलणार नव्हता. आणि विचारणार कोण? सगुणामायचा माझ्यावर विश्वास होता.

समारंभ झाला. शाल, श्रीफळ, उशिरा आलेले पाहुणे, सगळं नेहमीसारखं. मंचावर जायच्या आधी विंगेत सगुणामायनं माझं मनगट धरलं. तिचा हात थंड होता. "देवीन हय म्हटलां मगो, बाय?" मी तिच्या पदराची निरी सारखी करत म्हटलं, "म्हटलं ना मी." ती गेली, सूर लावला. साहेबांचा अंदाज खरा ठरला — दोन्हीकडची माणसं गप्प झाली. मला मात्र ते ऐकवेना. मांडावर तो सूर वर जायचा तेव्हा बायकांच्या अंगावर शहारा यायचा. इथे पंख्यांच्या घरघरीत तो कुठंतरी भिंतीत मुरत होता. दुसऱ्या कडव्यात ती अडखळली. कधी न अडखळणारी बाई. समोरच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. टाळ्या मात्र खूप पडल्या.

चैत्रात त्या गावचा काजूचा डोंगर पेटला. डोंगराला वणवा लागणं आमच्याकडे नवं नाही, कुणीतरी विडी टाकतो, कुणाच्या भट्टीची ठिणगी उडते. पण यावेळी बोंडं ऐन भरात होती, आणि आग उतरत उतरत मांडाच्या कुंपणाशी येऊन थांबली. मांडाच्या कडेचा चाफा काळा झाला. वाड्यावर, म्हणजे वस्तीत, मग कुजबूज सुरू झाली. मांड शिंपल्यावर गाणी कुणी गायली? कुणाला विचारून? आणि या वेळी बाबल गुरवाला विचारलं गेलं.

मला निरोप आला. मी जायला नको होतं का? गेले नसते तरी चाललं असतं. साहेब म्हणालेही, पत्र पाठवून देऊ. पण मी गेले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही — आपण गेलो नाही तर आपल्यावरच येईल, असं मला वाटत होतं. देवळाच्या सभामंडपात गावचे दहाजण पथारीवर बसले होते. ही गावची जाणती माणसं; त्यांच्या शब्दाबाहेर वाडा जात नाही. खांबाशी सगुणामाय उभी. तिला त्यांनी आधीच विचारलं होतं आणि तिनं जे झालं ते सांगितलं होतं: बायनं सांगितलं, उजवी पडली.

आता सगळे माझ्याकडे पाहत होते. मी खरं बोलले असते तर काय झालं असतं? चार शिव्या. साहेबांकडे तक्रार. कदाचित नोकरी. बस्स, एवढंच. मला मारणार कुणी नव्हतं. मी घसा साफ केला आणि ऑफिसात बोलतात तसल्या छान मराठीत म्हणाले, "देवीनं नकार दिल्याची मी त्यांना स्पष्ट कल्पना दिली होती. गाण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता."

वड्याचं तेल वांग्यावर. इतकं सोपं असतं ते.

सगुणामाय ओरडेल, मला खोटी पाडेल, असं वाटलं होतं. मी त्याची तयारीही ठेवली होती. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, एखादं मूल पहिल्यांदाच फटका बसल्यावर बघतं तशी. मग तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला. दहाजणांना शिकलेल्या बाईचा शब्द पुरला. तिला वाळीत टाकलं नाही, दंड केला नाही. फक्त तिनं मांडावर पाय ठेवायचा नाही, असं ठरलं. फक्त!

पुढच्या पौषात मांडावर पहिला सूर तिच्या सुनेनं उचलला. सगुणामायचं घर मांडापासून हाकेवर आहे. सगळी गाणी खिडकीतून आत येत असणार — तिचीच गाणी. मी त्या पौषात गेले नाही. मी पुढची काही वर्षं तिकडे फिरकलेच नाही. मधल्या काळात मी नोकरीत कायम झाले, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, आणि मुखपृष्ठासाठी सगुणामायचा फोटो हवा, असं साहेबांनी सुचवलं. तेव्हा गेले.

मे महिना होता. अंगणात भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं वाळत घातली होती. ती ओट्यावर बसली होती, वाळलेली, डबी हातात. मला वाटलं, हाकलून देईल. तिनं बसायला पाट दिला. सुनेला हाक मारून गूळपाणी आणायला लावलं. अंगणातल्या तुळशीपुढे ताजी रांगोळी होती; रोज दिवा लागत असणार. फोटोला ती नको म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. सून पाणी ठेवून आत गेल्यावर ती पुढे वाकली.

"बाय, खरां सांग. मी कोणाक सांगूचंय नाय. पाकळी खंय पडली?"

कितीतरी वर्षं तिनं हा प्रश्न मनात जपून ठेवला असणार. मी तो एका शब्दात सोडवू शकत होते. देवीनं नाही म्हटलं होतं, सगुणामाय, मी तुला फसवलं — एवढंच म्हणायचं होतं. पण मग मी दोन्ही वेळा खोटी ठरणार होते. तिच्या दारात आणि देवळात. मला वाटलं, एकच कबूल करावं. एकाला भित्रेपणा म्हणता येतं. दुसऱ्याला काय म्हणायचं?

"उजवीच पडली होती," मी म्हटलं. "त्या दिवशी दहाजणांपुढे मी घाबरले, खोटं बोलले. पण तुला खरंच सांगितलं होतं."

ती हळूहळू मागे सरकून बसली. मला वाटलं, आता ती मला क्षमा करेल, आणि तशी तिनं केलीही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग तुळशीकडे बघत, अगदी साध्या आवाजात, ती म्हणाली, "म्हणजे देवीनच माका फसयलां."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. पाणी प्यायले. फोटो काढला. शेवटची बस चुकेल म्हणून उठले.

तो फोटो मुखपृष्ठावर आहे. डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत, म्हणून समीक्षकांना तो फार भावला.

ती गेल्याचं मला उशिरा कळलं. सुनेला भेटायला गेले तेव्हा तुळशीपुढे रांगोळी नव्हती. सून सांगत होती — माय त्या फोटोच्या वर्षापासून देवळाची पायरी चढली नाही, जत्रेच्या दिवशीसुद्धा नाही, घरातला दिवा बंद केला. शेवटच्या दिवशी गुरवाचा मुलगा देवीचं तीर्थ घेऊन आला. बाकी काही गिळता येत नव्हतं, पण पाणी ती घेत होती. चमचा ओठांशी नेला तर तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. दातखीळ नव्हती, सून म्हणाली, मिटून घेतले. तीर्थ हनुवटीवरून गळ्यात ओघळलं.

"देवीचेर इतको राग कित्याक आसलो तिचो, तुमका कायच बोलली नाय?" सुनेनं मला विचारलं.

मी म्हटलं, "वय झालं की माणसं अशी करतात."