सिस्टरआत्याचे दहा दिवस

आत्या माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसे. आधी हात, मग पाय, मग चेहरा. लातूरला आमच्याच घरी राहून तिथल्या सरकारी दवाखान्यात तिने बावीस वर्षे कुत्रं चावलेल्यांना इंजेक्शनं दिली. अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणे, मी सिस्टरआत्या. लग्नाच्या मांडवात भेटायला आलेल्या बाईलाही ती विचारायची, "ही पट्टी कुणी बांधली अशी? सोड आधी."

कुत्र्यांचा तिला राग नव्हता, भरवसा नव्हता. मी मात्र चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी लिहिलेल्या पत्रकांच्या घड्या मी अक्षरओळख होण्याआधीपासून घालत आले. गल्लीतली कुत्री गाडीत भरून लांब सोडून द्या, असा अर्ज शेजाऱ्यांनी फिरवला तेव्हा मी सही केली नाही, वर भांडले. "एवढा पुळका हाय तर घेऊन जा की घरी," कुणीतरी म्हणालं. मी नांदेडला गेले आणि अर्धापूर रस्त्यावरच्या निवाऱ्यातून एक तांबूस, फाटक्या कानाची कुत्री घेऊन आले. नाव ठेवलं क्रांती.

"पलीकडच्या गल्लीत दोन क्रांत्या हायत," आत्या म्हणाली. "तू हाक मारली की त्यांच्या आया धावत येतील." ती तिला नुसतं 'बाय' म्हणे. कुत्रीही 'बाय'लाच कान टवकारायची, याचा मला राग यायचा.

खरं भांडण झालं ते जेवणावरून. आत्या कुत्रीची जर्मनची थाळी मागच्या दाराबाहेर ठेवायची. कुत्री भिंतीकडे तोंड करून, अंग चोरून खायची. तिसऱ्या दिवशी मी ते बघितलं आणि पेटले. माझ्या आजोबांना गावात उंबऱ्याबाहेर बसवून वरून भाकरी टाकत. ते सांगताना म्हातारपणीही त्यांचा आवाज बसायचा.

"आपल्या घरात कुणीही उंबऱ्याबाहेर जेवणार नाही, आत्या!"

"अगं, आत माणसांची ये-जा. लई भिऊन राहिली ती. भिंतीकडं तोंड केलं की घास उतरतो तिचा."

"तेव्हाही लोक हेच म्हणायचे. त्यांना बाहेरच बरं वाटतं म्हणून."

आत्याचा चेहरा एकदम उतरला. तिने पर्स उचलली आणि ड्युटीवर गेली. मी जिंकले होते. मी खाली वाकले आणि कुत्रीच्या तोंडासमोरची थाळी उचलली, आत स्वयंपाकघरात न्यायला. ती गुरगुरली. मी थांबले नाही. मग तिने माझा हात धरला.

संध्याकाळपर्यंत मी हाताला ओढणी गुंडाळून हिंडले. कळलं असतं तर कुत्री परत गेली असती आणि गल्ली हसली असती. आत्या दारातून आत आली, चपलासुद्धा काढल्या नाहीत. "हात दाखव."

कपड्याचा साबण आणि पाणी, पुरती पंधरा मिनिटं. नळ येऊन सहा दिवस झाले होते, पुन्हा कधी येईल ठाऊक नव्हतं. पिपातलं पाणी ती तांब्या-तांब्याने माझ्या हातावर सोडत राहिली. तळ दिसायला लागला तशी आई चुळबुळली. आत्या म्हणाली, "वहिनी, भांडी उद्या घासू."

दादांनी विचारलं, "कसं चावलं?"

"अचानक," मी म्हणाले. "काही कारण नसताना."

आत्याचा हात क्षणभर थांबला. मग पाणी पुन्हा पडायला लागलं.

"आत्ताच्या आत्ता सोडून येतो तिला," दादा उठले.

"सोडलंस तर मी कुणाला बघू, बबन? कुत्रं धा दिवस धडधाकट राहिलं तर पोरीचा घोर गेला. ते नजरेआड झालं तर काय कळायचं?"

"निवाऱ्याच्या कार्डावर लसीचा शिक्का आहे ना?"

"शिक्क्यावर माझा भरवसा न्हाई. धा दिवस ती माझ्या खोलीत राहील. कुणी आत यायचं न्हाई."

"अकराव्या दिवशी मात्र ती या घरात नको," दादा म्हणाले.

त्याच संध्याकाळी तिने मला दवाखान्यात नेलं. जखमेतही टोचलं, तेव्हा मी ओरडले. "वरड," ती म्हणाली, "पण हात हलवू नको." घरात तिची खोली बंद झाली. आतून तिचा आवाज यायचा. कुत्रीशी ती दवाखान्यातल्यासारखीच बोलायची: "हं बाय, झालं. भ्यायचं न्हाई. मी हाय ना."

पाचव्या दिवशी कुत्री पाण्याला तोंड लावेना. भांडं पुढे केलं की मान फिरवायची. पिसाळलेलं जनावर पाण्याला भितं, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आई भिंतीला टेकून बसली. दादा माझ्याकडे बघायचं टाळत होते. आत्याने रजा टाकली आणि दुपारभर कुत्रीसमोर फरशीवर बसून राहिली. मी दाराच्या फटीतून बघत होते. मग तिने भांडं नाकाशी नेलं. आदल्या दिवशी नळ आला होता, पाण्याला ब्लीचिंग पावडरीचा उग्र वास होता. तिने पाणी उकळून निववलं आणि पुन्हा पुढे ठेवलं. कुत्री लपलप करत सगळं प्यायली. आत्याने भांडं पुन्हा भरलं.

दहावा दिवस सरला. कुत्री ठणठणीत होती, म्हणजे मीही. अकराव्या दिवशी सकाळी दादांनी रिक्षा दारात आणली. कुत्री आत्याच्या पायामागे उभी. आत्या साडीला पिन लावत होती. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"दादा," मी म्हणाले, "ती खात होती. मी तिची थाळी ओढली. ती गुरगुरली तरी सोडली नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले."

"अकरा दिवस?" दादा एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी रिक्षा परत पाठवली.

मी आत्याला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"चालून आलेलं कुत्रं पोटरी धरतं. तुझा अंगठा धरला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर तू वाद घातला असतास."

पुढच्या वर्षी ती निवृत्त झाली आणि जळकोटला, सासरच्या घरी राहायला गेली. बायला न्यायचं तिच्या मनात होतं, पण तिथे धाकट्या जावेला दम्याचा त्रास. जीप निघाली तेव्हा कुत्री कोपऱ्यापर्यंत धावली. मग दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावलं नाही. मी घाबरून फोन केला. "आत्या, फोन तिच्या कानाशी धरते. तू 'बाय' म्हण एकदा."

"नको," ती म्हणाली. "आवाज ऐकला की दारात जाऊन बसंल. मी काय आता येत न्हाई. उगं आशा लावू नको तिला."

मी फोन कानालाच धरून राहिले. पलीकडे आत्यानेही फोन ठेवला नाही.