टिपरीवरचा डोळा

जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागलो, तेव्हा आईनं अख्ख्या तीर्थपुरीत सांगून टाकलं की आपला पोरगा मशीनमध्ये घालून कशाचंही खरं-खोटं ओळखतो. तेव्हापासून गावी गेलो की माझी सुटका नसते. कुणी रुमालाच्या गाठीत सरकी आणतं, कुणी खिशातून मका काढतं आणि माझ्यापुढं तळहात उघडून म्हणतं, "बघ जरा, भेसळ तर न्हाई?" नुसतं बघून ते कळत नाही, रोपाचं पान कुटून त्यातला डीएनए काढावा लागतो, हे सांगून सांगून मी थकलो. आता मी दाणे उगाच उजेडाला धरतो आणि "बराबर दिसतंय" म्हणतो.

त्यामुळं आत्या माझ्या भाचीला घेऊन थेट नवीन जालन्यातल्या प्रयोगशाळेत आली, तेव्हा मला नवल वाटायला नको होतं.

आत्या म्हणजे वडिलांची सख्खी बहीण आणि माझ्या धाकट्या बहिणीची सासू. मामाची मुलगी करायची आमच्यात रीत आहे, आणि पोरगी नात्यातच राहिली म्हणून लग्नात सगळेच खूश होते. आजोबांच्या किंवा आजीच्या रक्तातला एक बिघाड माझ्या वडिलांकडून बहिणीत आणि आत्याकडून दाजींत कधी उतरला, हे कुणाला दिसणार? एकेकटा तो कुणाला त्रास देत नाही. भाचीत मात्र तो दोन्हीकडून आला. ती वर्षाची होत आली तरी मान धरत नव्हती. श्वास पोटानं घ्यायची. डोळे तेवढे भलतेच हुशार, खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाकडं टकामका बघायची. उपचार मिळाले नाहीत तर अशी लेकरं फार काळ काढत नाहीत, असं संभाजीनगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आत्यानं माझ्या टेबलावरचं सामान बाजूला सारलं, शाल अंथरली आणि भाचीला त्यावर निजवलं.

"तुझ्या मशीनमधी हिचं रगत घाल. काय भेसळ झाली ती बघ आन् काढून टाक."

"आत्या, इथं आम्ही कपाशी तपासतो."

"मंग? कपाशीत जीव न्हाई का?"

सहकारी माना खाली घालून काम करायला लागले. आमच्या धंद्यात भेसळ सापडली की ते झाड उपटून बांधावर टाकतात, दुसरा इलाज नसतो. हे आत्याला सांगायची माझी छाती झाली नाही. मला संताप आला होता, पण तो कुणावर काढावा हेच कळेना. मी तिला चहा पाजला आणि समजावून सांगायला बसलो. दुसरं करण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतंच.

आत्याचं आयुष्य उसात गेलंय, म्हणून उसावरूनच सांगितलं. हातापायांत ताकद यायला शरीर एक पदार्थ बनवतं. तो कसा बनवायचा हे ज्या जनुकात लिहिलंय, ते हिच्यात नाहीच. पण त्याच्यासारखंच एक जादा जनुक आहे. पेशी त्याची नक्कल काढते, नको ते तुकडे छाटते आणि हवे ते जोडते. तू बेणं तोडतेस, कोंब फुटणाऱ्या डोळ्याची टिपरी, म्हणजे कांडीचा तुकडा, ठेवतेस आणि शेंड्याचं वाढं टाकून देतेस, तसं. फक्त ह्या जादा जनुकाच्या नकलेत पेशी बहुतेक वेळा कामाचा एक तुकडाही टाकून देते.

आत्यानं कप खाली ठेवला.

"म्हंजी डोळ्याचीच टिपरी फेकून राह्यली?"

"हो."

"मंग तिला सांग ना, फेकू नको म्हून."

ह्या आजारावरचं औषध नेमकं तेवढंच करतं. रोज तोंडानं द्यायचं, जन्मभर. ते पेशीला तो तुकडा ठेवायला लावतं. ते औषध जगात आहे, दुकानातही येतं. त्याची किंमत ऐकून दाजी चक्क हसले होते. मदतीसाठी आम्ही अर्ज केलेत, फोन केलेत. सगळे गोड बोलतात आणि थांबायला सांगतात.

"आसं औषध हाय, आत्या," मी म्हणालो. "आपल्या हाताला लागत न्हाई."

तिनं भाचीला उचललं, शाल झटकली. आणलेले शेंगदाणे माझ्या टेबलावर ठेवले आणि गेली.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. आत्याच्या घरी डोकावलो, तर ओसरीत ती भाचीच्या पायांना तेल चोळत होती आणि गाणं म्हणावं तसं हळू आवाजात म्हणत होती, "फेकू नको माय, ठिव. कामाचं हाय ते, ठिव." भाची तिच्याकडं बघून हसत होती. बहीण दारातून म्हणाली, "दादा, रोज असंच चालू आसतंय. मी न्हाई आडवत."

मीही अडवलं नाही. पेशीला कान नसतात, हे त्या घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण निघताना भाचीला घेतलं, तिची मान तळहातावर तोलली, आणि आत्या पाणी आणायला आत गेल्यावर मीही लेकराच्या कानाशी वाकून म्हणालो, "फेकू नको गं बाई."