रशीद टेलरची कॉमेंट्री

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण चूक माझीच होती. पण काल टीव्हीवर फुटबॉलची मराठी कॉमेंट्री ऐकली आणि केनवडचं आमचं अंगण आठवलं.

वर्ल्डकपची संध्याकाळ होती. अर्धं गाव जमलं आणि माझ्या टीव्हीचा आवाजच गेला, चित्र तेवढं चालू. माझा मित्र रशीद टेलर गळ्यातल्या टेपसकट खुर्चीवर चढला. "पाहा लेकहो, हा गोरा गडी दावं तोडल्यावानी धावून राह्यला! अबे, त्याले कोणी वेसण घाला!" बायका स्वयंपाक टाकून दारात येऊन हसत होत्या. गोल झाला तेव्हा रशीद खुर्चीसकट आडवा झाला, पण तोंड चालूच!

शेजारच्या लग्नाला आलेले टीव्ही चॅनलमधले एक साहेब मला म्हणाले, "आम्हाला असाच कॉमेंटेटर हवाय. मुंबईला येईल का हा?" रशीद आत पाणी पीत होता. मी पटकन म्हणालो, "नाही साहेब, तो दुकान सोडून यायचा नाही." तो गेला तर आमच्या मॅचला बोलणार कोण, एवढंच माझ्या मनात होतं.

टीव्ही दुरुस्त झाला, तरी पुढे वीस वर्षं प्रत्येक मॅचला रशीद खुर्चीवर चढून ओरडायचा, "अबे, त्या डब्याचा आवाज बंद कर!" मी हसत बंद करायचो आणि दर वेळी ठरवायचो, आज सांगू. मागच्या वर्षी तो गेला.

रशीद, त्या दिवशी तुले इचाराले पायजे होतं. मले माफ कर.