पाळण्यातला दुसरा आवाज

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. लेकापाशी नाही, देवापुढंसुद्धा नाही. तुम्हाला सांगते — बसा जरा.

नातीच्या बारशाचा पाळणा घरीच रेकॉर्ड करायचा, असं माझ्या मनानं घेतलं होतं. कॉम्प्युटरवरचं ते फुकटातलं सॉफ्टवेअर मी चुकतमाकत, एकटीच शिकले होते. आधी पेटी, तिच्यावर टाळ, मग माझा आवाज — गोधडीचे थर लावावेत तसं एकावर एक. लई नाद लागला होता की! दुसऱ्या आवाजासाठी शेजारच्या पद्माक्काला बोलावलं. जन्मभर सुपावर विड्या वळत तेलुगू गाणी म्हणणारी बाई. हेडफोन कानाला लावला आणि हसायलाच लागली, "वहिनी, याच्यात तर तुमीच बसलाय की!" मग एका दमात गायली. मध्ये एकदा खोकली, तेवढंच.

ती घरी गेल्यावर मी ऐकलं. आणि तिचा थर पुसून टाकला. त्या जागी मीच गायले, आवाज खाली उतरवून. खोकला आलाय, बोल तेलुगू वळणाचे आहेत — असं मनाला सांगितलं. पण तेवढा खोकला कापता येतो, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. खरं सांगू? तिच्या आवाजाशेजारी माझा पत्र्यासारखा वाजत होता.

बारशाला पाळणा लागला, तशी पद्माक्का बायकांना कोपरानं ढोसायला लागली. "खालचा माझा हाय. ऐका की!" सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणाले — व्हय, तिचाच.

वर्षभरात पद्माक्का गेली. छातीचं दुखणं. दिवसकार्य झाल्यावर तिची लेक भाग्या माझ्याकडं आली. "मावशी, आईचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही हो. तेवढा पाळणा मोबाइलवर टाका." कॉम्प्युटर उघडला, शोध शोध शोधलं — पुसलेलं कुठून येणार? तेव्हा तरी बोलायचं होतं ना? नाही बोलले. पाळणा पाठवून दिला.

आता भाग्याला बाळ झालंय. आमची भिंतीला भिंत. रोज दुपारी त्याला निजवताना ती तोच पाळणा लावते. "ऐक रे, अम्मम्मा गातीय, तुझी आज्जी." इकडं मी भाजी निवडत बसलेली असते. माझाच आवाज येत राहतो.

बाळ लगेच निजतं, म्हणते ती.