अबोल्याच्या भरवशावर

माझी मावशी एका कारखान्यात अबोला धरायची नोकरी करत होती. हुद्द्याचं नाव अर्थातच वेगळं आणि भारदस्त होतं.

कारखान्यात नखाएवढी चिप बनायची. ती कॉम्प्युटरच्या पोटात बसते आणि बटण दाबल्याबरोबर, बाकी काही सुरू व्हायच्या आधी, पहिल्या प्रोग्रॅमवर कंपनीचीच सही आहे ना, हे तपासते. सही खोटी निघाली तर कॉम्प्युटर ढिम्म हलत नाही. ही सही करायची गुप्त किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा. तो पोलादी पेटीत, आणि पेटी बिनखिडकीच्या खोलीत. कुणी ती फोडायला गेलंच तर पेटी आकडा स्वतःच पुसून टाकायची. रीतसर वापरायची तर दोन माणसं, दोन कार्डं, दोन पिन. एकट्याचे हात दोन्हीकडे पोचू नयेत म्हणून खुर्च्या खोलीच्या दोन टोकांना.

एवढी अक्कल खर्ची घातल्यावर साहेबलोकांच्या लक्षात आलं, की ही दोन माणसंच एक झाली तर पोलाद काय चाटायचंय? मग त्यांनी नामी युक्ती काढली. अख्ख्या कारखान्यात एकमेकांचं तोंड न बघणारी दोन माणसं शोधली आणि कार्डं त्यांना दिली. एक माझी मावशी. दुसरे तिच्याच टेस्टिंग विभागातले एक गृहस्थ. मावशी त्यांचं नाव घ्यायची नाही, म्हणून आमच्या घरी ते नुसते ‘ते दुसरे’.

विभागप्रमुखाची जागा मावशीला मिळायची होती. आदल्या दिवशी ‘ते दुसरे’ साहेबांच्या केबिनमधून बाहेर येताना तिला दिसले, आणि जागा तिसऱ्यालाच गेली. आत ते काय बोलले, हे मावशीने कधी विचारलं नाही. तिने सरळ बोलणंच टाकलं.

दर वर्षी बाहेरून एक तपासनीस यायचे. त्यांच्या फॉर्मवर प्रश्न असायचा, ‘दुसऱ्या कार्डधारकाशी कामाबाहेर संबंध?’ मावशी टपोऱ्या अक्षरात लिहायची, ‘बोलचाल नाही.’ अशी अकरा वर्षं गेली. आम्ही भाचरं हसायचो, पण तिला त्याचा केवढा अभिमान! घरातली बाकीची माणसं फुकट भांडत होती.

मग एक दिवस ‘त्या दुसऱ्यां’ची बायको इस्पितळात दाखल झाली. त्या सकाळी त्यांचा पिन दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकला असता तर कार्ड कायमचं बाद, आणि ते घरी. खोलीच्या दुसऱ्या टोकाहून मावशी म्हणाली, “थांबा. आधी पाणी प्या.”

संपलं! अकरा वर्षांची सुरक्षाव्यवस्था चार शब्दांत कोसळली. नंतर मावशी इस्पितळात डबा घेऊन जायला लागली, बायको बरी होऊन घरी आली तशी त्यांच्या घरीही जायला लागली. कारखान्याच्या मागच्या जिन्यावर दोघं जेवायची. मावशी इतकी खळखळून हसताना मी त्याआधी पाहिली नव्हती. मला फार बरं वाटायचं.

पण तपासणी जवळ आली. फॉर्मवर खरं लिहावं तर दोघांची कार्डं जाणार. टेस्टिंग विभागात आता माणसांऐवजी यंत्रं बसली होती, तेव्हा कार्ड गेलं की मावशीची नोकरीच गेली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. तिने आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं, ‘बोलचाल नाही.’ आणि तपासनिसांना संशय येऊ नये म्हणून त्यांच्यासमोर भांडायचं ठरलं. विषय, एसी. जिन्यावर तीन दिवस तालीम चालली होती.

“एसी जरा कमी करा, माणसं बसलीत इथे,” मावशीने सुरुवात केली.

“तुम्हाला सगळं तुमच्या सोयीचं लागतं, बाई!”

इथे मावशीने म्हणायचं होतं, ‘तुमची सोय तेवढी बघायची का?’ पण ती म्हणाली, “माझी सोय? त्या दिवशी केबिनमध्ये कुणाची सोय बघितलीत?”

हे तालमीत नव्हतं. ते गडबडले. तपासनीस पेन उघडून बघत होते, गप्प बसून चालणार नव्हतं.

“साहेबांनी विचारलं, मी जे होतं ते सांगितलं. तुमचं अर्धं लक्ष घरी असायचं. तुम्हाला ती जागा झेपली नसती!”

मग मावशीने कार्ड घातलं, पिन दाबला. त्यांनीही दाबला. हिरवा दिवा लागला. तपासनिसांनी शेरा दिला, ‘व्यवस्था समाधानकारक.’

पुढची दोन्ही वर्षं मावशीने फॉर्मवर तेच लिहिलं. आता ते अक्षरशः खरं होतं. कंपनीने निवृत्तीच्या दिवशी तिला निष्ठेबद्दल मानपत्र दिलं. ‘त्या दुसऱ्यां’च्या बायकोचे फोन येत राहिले, मावशी ते उचलायची नाही.

मला ते बघवेना. एकदा म्हटलंच, “अगं, नाटक होतं ना ते? तूच म्हणालीस, भांडायचं ठरलं होतं म्हणून.”

“भांडायचं ठरलं होतं,” मावशी म्हणाली, “खरं बोलायचं नव्हतं ठरलं.”